मशीनचा पार्ट

७ जानेवारी २०१५, बुधवार

डबा अडकला! जर्मनीहून विमानात बसून मुंबईपर्यंत आला आणि आता कस्टमवाले सोडत नाहीत. सकाळी कुरिअरच्या हडपसरच्या ऑफिसातून फोन. मी पुढच्या खोलीतल्या माझ्या दुकानात गिऱ्हाइकाचं माप घेत होते, म्हणून ह्यांनी उचलला. वस्तू काय आहे, कशासाठी मागवली, ते सांगा, पुढे कळवतो — असं विचारलं त्यांनी. तर ह्यांनी काय सांगावं? ‘शिलाई मशीनचा पार्ट हाय.’

मशीनचा पार्ट! छाती आहे ती माझी. डावी. गेल्या मे महिन्यात कॅन्सरने गेली, तिच्या जागी घालायची सिलिकॉनची. वरच्या खोलीतल्या श्रद्धाने — आयटीत आहे, आमची भाडेकरू — कंप्युटरवर शोधून, माझं माप टाकून, तिच्या कार्डावर मागवली. पैसे माझ्या शिवणाचे.

म्हटलं, खोटं कशाला बोललात? तर म्हणे, ‘परक्या माणसाला फोनवर काय सांगू? बायकोचं ते आलंय म्हणून?’

ते! इतकी वर्षं संसार केला आणि बोलायची वेळ आली तर ‘ते’. नाव मात्र हिंमतराव.

८ जानेवारी

ही हौस नाही, हे ह्यांना कळत नाही. हॉस्पिटलातून कापसाची उशी दिली होती. हलकी. सरकत सरकत गळ्याशी यायची. मग मी पिशवी शिवली, मोहरी भरली. वजन जमलं. पण घामाने भिजून भिजून मोहरीला कोंब फुटले. धुवायला काढली तर आत हिरवं! आधी हसले. मग परसात फेकून दिली.

वाकून कटिंग करायचं म्हणजे एक बाजू जड, एक रिकामी. पाठ वाकडी व्हायला लागलीय. खांद्यात कळ. मला सरळ उभं राहायचंय, बस.

संध्याकाळी शेजारच्या विमलाबाई ब्लाउज न्यायला आल्या. ह्यांनी त्यांनाही सांगून ठेवलंय वाटतं. ‘आला का हो पार्ट?’ म्हटलं, मशीन चालतंय, तुम्ही हुक बघा.

१२ जानेवारी, सोमवार

कस्टमने डबा फोडला. मशीनचा पार्ट नाही हे त्यांना दिसणारच, आंधळे थोडेच आहेत! आता म्हणतात माहिती खोटी दिली. ड्यूटी, वर दंड, वर डबा पडून राहिला त्याचं भाडं, आणि सगळ्यात शेवटी कुरिअरचं ‘हँडलिंग’. श्रद्धाने मेल वाचून दाखवला.

‘हँडलिंग म्हणजे काय गं?’

‘काकू, म्हणजे त्यांनी आपलं पार्सल हाताळलं ना, त्याची फी.’

हाताळलं! गोडाउनातल्या बाप्यांनी माझी छाती डब्यातून काढली, उलटीपालटी केली, दाबून बघितली, परत ठेवली — आणि त्याचे पैसे मी द्यायचे. नाही देणार.

ह्यांचं चालू, ‘भरून टाक आणि सोडव. कशाला बोभाटा.’ भरले म्हणजे काय, कबूलच केलं की. डब्यात मशीनचा पार्ट होता आणि बाई खोटारडी होती. दोन्ही खोटं आहे. आणि न भरावे तर पंधरवड्यात डबा परत जर्मनीला.

बुधवारी जाते हडपसरला.

१४ जानेवारी, बुधवार

धायरीहून स्वारगेट, तिथे बस बदलून हडपसर. डावा हात वर धरून उभं राहता येत नाही. एका कॉलेजच्या मुलीने जागा दिली, तिचं भलं होवो.

ऑफिसात काचा, एसी, गारेगार. काउंटरवर गळ्यात पट्टा घातलेला माणूस, पट्ट्यावर नाव वैजनाथ. म्हणाला, ‘मॅडम, वस्तू नक्की काय आहे?’

म्हटलं, ‘छाती.’

त्याला वाटलं मला दुखतंय. उठून पाण्याची बाटली पुढे केली, ‘बसा, बसा.’

‘मला काही झालेलं नाही. डब्यात छाती आहे. बाईची. माझी कॅन्सरने काढली, तिच्या जागी घालायची.’

मागे रांग होती. सगळे एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

‘मॅडम, जरा हळू बोला.’

‘हळू आमचे हे बोलले होते फोनवर. म्हणून तर ही पाळी आली.’

तिथे उभ्या उभ्या एक कळलं. त्या ऑफिसातल्या प्रत्येक बाप्याला वाटत होतं की मी गप्प बसावं. आणि मला गप्प करायचा एकच रस्ता होता, माझं काम करणं. मग मी कशाला गप्प बसते.

शेवटी म्हणाला, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा आणि खुलाशाचा अर्ज. शरीराच्या नकली अवयवाला दर वेगळा असतो म्हणे. दंडाचंही बघू म्हणे. वस्तू काय आहे ते पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर? यातलं काही झालं नसतं.

१५ जानेवारी

संक्रांत. ह्यांनी तिळगूळ दिला. घेतला. गोड बोलायला काही जमलं नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

हॉस्पिटलात गेले. ऑगस्टपासून फिरकलेच नव्हते. डॉक्टरीणबाई फाइल बघून तडकल्या. ‘तपासण्या चुकवल्यात सगळ्या. आज कशा आलात?’

म्हटलं, ‘कस्टमसाठी कागद हवा.’

‘कागद मिळेल. आधी तपासणी.’

उजवी बाजू दाबून दाबून बघितली. खालच्या मजल्यावर फोटो काढायला पाठवलं, तिथे मशीनमध्ये चेपून धरतात. एका शिक्क्यासाठी किती ते! लग्नाची ब्लाउजं घरी पडलेली, माझा जीव तिकडे. रिपोर्ट नंतर मिळेल म्हणाल्या. सर्टिफिकेट हातात पडलं आणि मी सुटले.

घरी येऊन अर्ज लिहायला घेतला. श्रद्धा म्हणाली, काकू, मी करते इंग्लिशमधून. म्हटलं, आधी माझं होऊ दे. चौथीतलं अक्षर, पण लिहिलं —

‘डब्यात मशीनचा पार्ट नाही. माझा डावा स्तन ऑपरेशन करून काढला आहे. डब्यात त्या जागी घालायचा नकली स्तन आहे. नवऱ्याने लाजेमुळे खोटे सांगितले. लाजेला दंड असेल तर त्यांच्या नावाने लावावा.’

श्रद्धा हसायला लागली. ‘शेवटचं पण घालू का इंग्लिशमध्ये?’

‘घाल.’

मागे हे दारात उभे. ऐकलं त्यांनी.

१७ जानेवारी

बोलत नाहीत माझ्याशी. बरंय, तीन ब्लाउजं झाली.

१९ जानेवारी, सोमवार

पुन्हा हडपसर. मला बघून वैजनाथ उभाच राहिला आणि थेट साहेबाच्या केबिनमध्ये नेलं. बाहेर उभं करायचंच नव्हतं त्याला.

साहेब बोलायला गोड. अर्ज आणि सर्टिफिकेट पुढे पाठवतो, दंड निघेल, ड्यूटी नव्याने लागेल, ती फार नसेल. पडून राहिल्याचं भाडंही सोडतो. ‘फक्त हँडलिंग चार्जेस द्यावे लागतील. कंपनीची पॉलिसी आहे.’

म्हटलं, ‘देते की. कुणी कुणी हाताळलं त्यांची नावं द्या. माझ्या छातीला कुणाकुणाचा हात लागला ते बघते, मग पैसे मोजते.’

केबिनचं दार उघडं होतं. साहेबांनी उठून लावलं. मी उठून उघडलं.

हँडलिंग माफ. ‘तुमच्या केसपुरतं हं,’ म्हणाले. माझ्याकडे दुसरी केस कुठे आहे?

घरी येऊन सांगितलं. आपण होऊन सांगितलं, बोलत नसले तरी. तीन दिवसांनी तोंड उघडलं ते असं, ‘सगळ्या हडपसरला सांगून आलीस.’

‘हो. आता धायरी राहिलीय.’

मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, ‘लोक बघतात गं तुझ्याकडं. एक बाजू, दुसरी बाजू, असं बघतात. मला नाही बघवत.’

मी उठले. चहा टाकला.

२३ जानेवारी, शुक्रवार

आला! डब्याला पट्ट्याच पट्ट्या, ब्लेडने फाडलेला, परत चिकटवलेला. आत ती. रंग जर्मन बायकांचा, गुलाबी गोरा — असू दे, ब्लाउजच्या आत कोण बघायला येतंय. हातात घेतली तर आधी गार, मग हळूहळू अंगाएवढी गरम. जड. आधीची माझी होती तेवढीच जड.

घातली. दुकानातल्या आरशापुढे उभी राहिले. दोन्ही खांदे एका रेषेत! दुपारभर कटिंग केलं, कळ आली नाही. ह्यांनी एकदा मान वर करून बघितलं आणि पेपर तोंडापुढे धरला. पेपर उलटा नव्हता, पण वाचत नव्हते.

२५ जानेवारी, रविवार

विमलाबाईंकडे हळदीकुंकू. बायका बसलेल्या, आणि त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, ‘आला ना पार्ट? काय म्हणतंय मशीन?’

सांगून टाकलं. मे महिन्यापासूनचं सगळं. कुंकवाचं बोट तसंच हवेत. एकीने वाणाची वाटी खाली ठेवली.

मग विमलाबाई म्हणाल्या, ‘अगं बाई! आणि आम्ही आपलं मशीन, मशीन. दाखवा की.’

आतल्या खोलीत गेलो सगळ्या. दार लावून काढून दिली. हातोहात फिरली. विमलाबाईंनी ओंजळीत धरून वजन केलं. सुंदराबाई सत्तरीच्या, त्या म्हणाल्या, ‘माझ्यापेक्षा टवटवीत हाय.’ इतक्या हसलो की बाहेरून विमलाबाईंच्या मुलाने दार वाजवलं, काय झालं म्हणून.

सगळ्यांनी हाताळली. फी कुणाला लावली नाही.

निघताना सुंदराबाईंनी मात्र माझा हात धरून ठेवला. ‘आठ महिने एकटीनं काढलेस?’ मी म्हटलं, ब्लाउजं होती ना सोबतीला.

२९ जानेवारी, गुरुवार

हॉस्पिटलातून रिपोर्ट न्यायला बोलावलं. हे बरोबर आले, मी नको म्हटलं तरी. उजवीकडेही आहे. लहान आहे, त्या दिवशी फोटो काढला म्हणून सापडलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उजवीही काढायची.

बाहेर बाकांवर पेशंट, नातेवाईक, गच्च भरलेलं. तिथेच उभं राहून ह्यांनी श्रद्धाला फोन लावला. ‘अजून एक मागवायचा हाय. उजवा. स्तन, स्तन! डब्यावर तसंच लिहायला सांग त्यांना.’ माणसं वळून बघत होती. हे मोठ्याने बोलत होते. मी गप्प होते.