बोलणी लांबली की

दादा,

कालच्या कराराची बातमी तूही ऐकली असशील. दोन्ही देशांची मैत्री एकदाची पक्की झाली. साहेब गाडीत बसताना खुशीत म्हणाले, "सुटलो. आता काही असलं तर स्क्रीनवरच बोलून घेऊ, जायला-यायला नको." मी "बरं झालं साहेब" म्हणालो आणि समोरचा सिग्नल बघत राहिलो.

माझ्या आत्याला, म्हणजे तुझ्या आईला, तिकडे दिली तेव्हा मध्ये नुसता ओढा होता. पुढे त्याची सीमा झाली, आणि आपण भेटलो ते दोन मंत्र्यांचे ड्रायव्हर म्हणूनच. आत त्यांचं जुळेना, की बाहेर आपलं फावायचं. गाड्यांच्या सावलीत बसून एक डबा दोघांत खायचो. पाण्याच्या वाटपावरून ते भांडले तेव्हा तर संध्याकाळ झाली. आत्या गेल्याचं तू मला त्या दिवशी सावकाश, सगळं सांगितलंस. तुझे साहेब लालबुंद होऊन बाहेर आले, तर आपण दोघं डोळे पुसतोय. त्यांना वाटलं, बोलणी फिसकटली म्हणून रडतायत बिचारे. तुझ्या पाठीवर थाप मारली त्यांनी.

हे पत्र मी टाकणार नाही. सरकारी ड्रायव्हरनं असलं लिहू नये. पण आज सकाळी हात जोडले तेव्हा आधी म्हणालो, लढाई नको. मग हळूच म्हणालो, एखादं भांडण तेवढं राहू दे, ओढ्याएवढं.

गाडी रोज पुसून ठेवतो.

तुझा मामेभाऊ