देवमासे आणि तंबाखू

अम्मा,

तू गेलीस त्या वयाच्या दुप्पट मी आता झाले असेन. सकाळी उठायचं म्हणजे आधी गुडघ्यांची मनधरणी करावी लागते. दुपारी पाठ टेकली तरी झोप येत नाही, आणि मग भवानी पेठेतली आपली खोली आठवते. दुष्काळाचं साल, नळाला पाणी नाही, आणि मी समुद्राची गोष्ट वाचतेय. शाळेत बक्षीस मिळालेली कादंबरी, पुढच्या शतकात देवमाशांचा अभ्यास करायला निघालेल्या शास्त्रज्ञांच्या फजितीची. तू आणि शेजारची मावशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळताय. मावशी रोज म्हणायची, पोरीलाही बसव की वळायला. तू मान वर न करता सांगायचीस, "तिनं वाचायचं. ठरलंय ते." फक्त गमतीची पानं चहाच्या वेळेला ठेवायची, असा तुझा नियम. हसताना बोटं ढिली पडतात, विडी सैल होते, आणि कारखान्यातला तपासणारा ती बाजूला फेकतो.

एका चहाला शास्त्रज्ञांच्या यंत्राला देवमाशाची भाषा उलगडली. सगळे श्वास रोखून बसलेत, आणि पहिलंच वाक्य येतं: तुमचा स्वयंपाकी आमटीत फार मीठ घालतो, उरलेली आमच्या अंगावर ओतू नका. तुझ्या हातातली बशी कलंडली. "समुद्रात ऱ्हातो आन् खारट लागतंय म्हणतो की गं!" तू इतकी हसलीस की हसण्याचा खोकला झाला, आणि तो थांबेचना.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं खराब झालीत. धूळ टाळा, खोकला येईल असं काही करू नका. धूळ कशी टाळणार? तंबाखू तर रोज घरात येत होती. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. कादंबरी पेटीत टाकली आणि तुला भूगोल वाचून दाखवायला लागले. तू थोडे दिवस ऐकून घेतलंस. मग एकदा सूप खाली ठेवलंस. "बिड्डा, पोरी, माजी तंबाखू कुनी बंद केली न्हाय. हसणं तेवढं बंद करतीस व्हय?"

मी पेटी उघडली. तू हसायचीस, खोकायचीस, बोलता येत नसलं की हातानं खुणावायचीस, पुढं वाच. मावशी माझ्याकडे डोळे वटारून बघायची. कादंबरी संपली आणि दिवाळीच्या आत तू गेलीस. मला तुझा फार राग आला होता. थोडं कमी हसली असतीस तर राहिली असतीस, हेच मी कितीतरी वर्षं धरून बसले. तो दोष तंबाखूचा, हे डोक्याला कळतं. पण रात्री डोक्याचं कोण ऐकतं?

हे तुला कुठं धाडणार? घडी करून उशीखाली ठेवते. आज धाकटा नातू तीच कादंबरी घेऊन आला होता. "आजी, वाच की." डोळे दुखतात म्हणून मी त्याला परत पाठवलं. डोळे ठीक आहेत. तो अगदी तुझ्यासारखा हसतो, अम्मा, आणि मला भीती वाटते.