गाडी थांबली नाही ती सकाळ

अण्णा, परवा गावात गेले होते. आपला रेल्वेचा हॉल्ट पुन्हा सुरू करा म्हणून मंदिरापुढे सभा होती आणि तिकीट विकणाऱ्याची मुलगी म्हणून मला कर्जतहून मुद्दाम बोलावलं होतं. स्टेशनातली तुमची तिकिटाची खोली अजून उभी आहे. खिडकीची जाळी कुणीतरी काढून नेलीय, आत शेळ्या बसतात. सभेत एक म्हातारे उठले आणि म्हणाले, "लई देवमानूस हुता. कुनाकडं कधी तिकिटाचं पैसं मागितलं न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मागितले नाहीत, म्हणून तर सगळं बुडालं. माणसं खिडकीशी यायची, तंबाखू मळायची, तुमची तब्येत विचारायची आणि तशीच गाडीत चढायची. श्रीरामपूरला मालधक्क्याच्या बाजूनं गुपचूप बाहेर पडायची. आपल्याच माणसाकडून कसलं तिकीट घ्यायचं, असं त्यांना वाटायचं, आणि आपल्याच माणसाकडे कसं मागायचं, असं तुम्हाला. मला मात्र कॉलेजला निघताना रोज शिक्का मारून तिकीट द्यायचात. स्वतःच्या पोरीनं फुकट जायचं नाही! मला त्याचा केवढा अभिमान होता. रेल्वेच्या लेखी त्या स्टेशनातून माझ्याशिवाय जवळजवळ कुणी चढतच नव्हतं.

आणि ती सकाळ. मी पुस्तकं, डबा घेऊन खिडकीशी उभी आहे. तिकीट मागते, तर तुम्ही म्हणता, गाडी येऊ दे, मग देतो. माझ्याकडे बघत नाही. गाडी येते, शिट्टी वाजवते आणि धडधडत निघून जाते. फलाटावरची माणसं आ वासून बघत राहतात. तुम्ही तेवढे बघत नाही, कारण तुम्हाला ठाऊक आहे. विक्रीच नाही म्हणून हॉल्ट बंद, हे रेल्वेचे साहेब आधीच्या आठवड्यात सांगून गेले होते. तुम्ही गावाला बोलला नाहीत, आईला नाही, मला नाही.

घरी आल्यावर मी रडत म्हटलं, अण्णा, निदान आधी तरी लोकांकडे पैसे मागायचे होते. तुम्ही म्हणालात, "गाव कसं दुखवायचं गं?"

एसटी फक्त फाट्यापर्यंत यायची. तिथवर मी एकटी चालत जाते म्हटलं, तर तुम्ही नाही म्हणालात. मला नाही म्हणताना तुमची जीभ जरा अडखळली नाही. कॉलेज सुटलं, त्याच उन्हाळ्यात लग्न लावून दिलंत. केसानं गळा कापलात अण्णा माझा.

परवा मलाही बोलायला उभं केलं. एकेकाला सुनावायचं ठरवूनच गेले होते. पण तुमच्या आठवणीनं पुढची म्हातारी माणसं डोळे पुसत होती. मी एवढंच म्हटलं, "अण्णांचा गावावर फार जीव होता." टाळ्या पडल्या. मी खाली बसले.

हे पत्र टाकायचं कुठं आणि वाचणार कोण? तरी सांगते. मी बोलले ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तुम्हाला अजून माफ करता येत नाही.