जुन्या टायरमधला खिळा

ता. ४ जानेवारी

चि. धाकट्या,
अ. आ.

बाबा गेल्यानंतर तीन वर्षांनी तुझं पहिलं पत्र, आणि त्यात काय, तर पिकअपला चार टायर पाठव! तब्येतीचं एक अक्षर नाही. टायर म्हणजे काय चप्पल आहे, नंबर सांगितला की दिली? जमीन कसली ते लिही. चिखल असेल तर खाचा मोठ्या लागतात, नाहीतर चिखल त्यातच बसून राहतो. वाळूला रुंद टायर, आणि हवा कमी. दगडाला बाजू जाड. एक जुना टायर ट्रकवाल्याबरोबर पाठव. झीज बघितल्याशिवाय बाबांनी कुणाला टायर दिला नाही, मीही देत नाही.

दुकान बरं चाललंय. तुझं स्टूल आहे तिथंच आहे. गिऱ्हाईक बसतं म्हणून ठेवलंय, दुसरं काही समजू नकोस.

माया आहे तशी राहू दे.
ताई

ता. १९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टायर पाठवतोय. इथे खाणीवर नुसते दगड आणि चिखल. डांबर बघून वर्ष झालं. घर चार दिवसांच्या वाटेवर, म्हणून येणं होत नाही. रागावू नकोस. तब्येत बरी आहे. आपला हवेचा पंप अजून तसाच खोकतो का? कधीकधी उगाच आठवतो.

धाकट्यावरचा लोभ कमी करू नकोस.
तुझा धाकटा

ता. २ फेब्रुवारी

चि. धाकट्या,
अ. आ.

टायर मिळाला. दगडावर चाललेल्या टायरच्या बाजूला एक तरी चीर असते. तुझ्या टायरला ओरखडा नाही. सगळी झीज एकसारखी, म्हणजे डांबराची. कुणाला शिकवतोस?

खाचेत एक खिळा रुतला होता. चौकोनी डोक्याचा, हाताने ठोकलेला. असले खिळे आपल्या कोपऱ्यावरचा लोहारच करतो. तडक त्याच्याकडे गेले. तो म्हणाला की डिसेंबरात एक पिकअप त्याच्या दारात तासभर उभी होती. आतला माणूस उतरलाच नाही. आपल्या दुकानाकडे बघत बसला आणि गाडी वळवून गेला.

मी आतच होते रे. कुणाचं तरी पंक्चर काढत, मान खाली घालून. एकदा वर बघितलं असतं तर!

बाबा गेले तेव्हा तू दोन दिवस उशिरा पोचलास, आणि मी चारचौघांत बोलले की पुन्हा तोंड दाखवू नकोस. रागाचं बोलणं कुणी इतकं जपून ठेवतं का? चुकलं माझं. एकदाच लिहितेय, पुन्हा लिहायला लावू नकोस.

चार टायर काढून ठेवलेत, डांबरी रस्त्याचे. पाठवणार नाही. बसवायला गाडी इथं यावी लागते.

खिळा लोहाराला परत दिला, आणि दारापुढचं रोज नीट झाडायला सांगितलंय. आपली गाडी यायची आहे म्हणून.

वाट बघणारी,
ताई