पहिल्या गुलालाचा मान

सांगली,
२२ एप्रिल २०२५

चि. शिवतेज,
अनेक आशीर्वाद. हात सवयीने लिहून गेला, मनात आज आशीर्वाद नाही.

फोन बंद करून बसलास, म्हणून हे पत्र हंबीरकाकांबरोबर वडूजला पाठवते आहे. आमच्या ओवीची परीक्षा संपली. इकडे ऊन फार आहे. आबा परत आयसीयूत आहेत, ते तुला ठाऊकच आहे. तूच तर त्यांना हॉस्पिटलच्या दारात सोडून निघून गेलास.

एक सांग, मागच्या खेपेला इथे असताना त्या सलाईनमधून काय जात होतं असं वाटलं तुला? ताकदीचं औषध? आबांचं काळीज भलतंच धावत सुटलं होतं, ते त्या इंजेक्शनाने ताळ्यावर येत होतं. डॉक्टर मशीनकडे बघून त्याचा वेग ठरवत होते. आणि तू 'आमच्या जबाबदारीवर नेतो' अशी सही करून त्यांना उचललंस! का, तर यात्रेत पालखीवर पहिला गुलाल घरातल्या थोरल्यानेच टाकायचा, नाहीतर मान भावकीत जातो. उरलेल्या बाटल्या पिशवीत घालून वर मलाच म्हणालास, "आगं ताई, बिराप्पा कंपाउंडर दील की सुई. लय हलका हात हाय त्याचा."

असेल हलका. पण जे औषध तासन्‌तास हळूहळू द्यायचं, ते त्याने एका दमात शिरेत सोडलं. आबांचं ब्लडप्रेशर पार खाली गेलं, गुलाल मुठीतच राहिला आणि ते पालखीसमोर कोसळले. तू घाबरलास म्हणे. सही करताना का नाही घाबरलास?

इथे डॉक्टरांनी विचारलं, घरी न्यायचं कुणी ठरवलं? आबा म्हणाले, "मीच हट्ट केला. पोरगं न्हाईच म्हणत हुतं." मी शेजारी उभी होते. तुझा संताप आला, त्यांचाही आला. तरी त्यांचं खोटं तसंच राहू दिलं.

आता छातीत यंत्र बसवायला हवं. ठोके बिघडले की ते आतूनच झटका देऊन सावरतं. नाहीतर पुढच्या वेळी हॉस्पिटलपर्यंत पोचूच असं नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पण आबांचं एकच, "शिवाला ईवू दे. त्याला इचारल्याबिगर न्हाई."

एक गोष्ट लिहायची नव्हती. पण लिहिते, कारण ती तुला लागायला हवी. तू न्यायला आलास त्या सकाळीच आबा मला म्हणाले होते, "औंदा गुलाल शिवा टाकंल. मान आता त्येच्याकडं, मी हितनंच भावकीला निरोप धाडतो." तू आलास, आल्या आल्या सहीचं बोललास. त्यांना वाटलं, पोराला बाप शेजारी उभा हवाय. म्हणून उठले ते. मानासाठी नाही रे, मूर्खा.

ये. माझी माफी मागू नकोस, मी देणार नाही. आबांना फक्त "बसवून घ्या" म्हण. त्यांच्या नखांत अजून गुलाल आहे, नर्सने दोनदा पुसला तरी निघाला नाही. तोही बघ.

आबांची मुलगी,
राजनंदिनी