वीस मिनिटं पुढे

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज नाक्यावरच्या दुकानातला कॅमेरा दुरुस्त केला. मीच बसवलेला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून दुकानवाल्या काकू हसल्या, "वीस मिनिटं पुढेच ठेवतो गो आम्ही, नायतर एसटी चुकते."

त्याच घड्याळावरून मी कॅमेऱ्याची वेळ लावली होती. न पडताळता. मी!

बेपत्ता सुजातावहिनी शेवटच्या दिसल्या त्या याच कॅमेऱ्यात, पाच चाळीसला, थांब्याकडे जाताना. म्हणजे खरं तर पाच वीसला. पाच चाळीसनंतरच्या गाडीचा कंडक्टर म्हणाला, अशी बाई चढलीच नाही. तेव्हापासून गाव त्यांच्या नवऱ्याकडे संशयाने बघतं. आधीच्या, साडेपाचच्या गाडीच्या कंडक्टरला कुणी विचारलंच नाही.

वीस मिनिटं. तिथूनच पोलिसांना फोन करायला हवा होता. मी गुपचूप कॅमेऱ्याची वेळ बरोबर केली आणि घरी आले.