जिन्यात अडकलेलं गेमचं मशीन

४ मे, सकाळ
गेमचं दुकान बंद झालं. एकोणीस वर्षं तिथे झाडू मारला. मालक म्हणाला, मावशी, आठवण म्हणून काहीही न्या. त्याला वाटलं असेल, भिंतीवरचं घड्याळ मागेन. मी कोपऱ्यातलं विमानांच्या लढाईचं मशीन मागितलं. कपाटाएवढं आहे. त्याचा चेहरा पडला, पण बोलून बसला होता.

नात दोन सुट्ट्या झाल्या आलेली नाही. लहान असताना स्टुलावर उभी राहून हेच खेळायची. माझ्या घरात गेम नाही म्हणून येत नाही. दुसरं काय असणार.

५ मे
लेकाला फोन केला. म्हणाला, आई, गेमचा काही संबंध नाही, ती कशाने दुखावली ते तुला ठाऊक आहे. मला काही ठाऊक नाही. म्हटलं, मशीन वर आणतेय, तिला रविवारी पाठव. बघतो म्हणाला. वर सल्ला, टेपने माप घे. टेप कशाला? हात आहेत की.

६ मे
मापं झाली. मशीन आडवं चार विती. जिन्याचं वळण साडेचार. मशीन उजव्या हाताने मोजलं. जिना डाव्याने, कारण उजव्याने कठडा धरला होता. डाव्याची बोटं आता पुरती उघडत नाहीत, पण वीत ती वीत.

खालची शिंपीण म्हणाली, काकू, हे वर जायचं नाही. हिला माझं चांगलं बघवत नाही.

८ मे
नात येते म्हणाली! रविवारी अकराला.
निश्चय: तिला काही बोलायचं नाही. खाण्यावरून तर मुळीच नाही. शेवटची आली तेव्हा पाहुण्यांसमोर मी एवढंच म्हटलं होतं, की तिसऱ्यांदा ताट पुढे करतेस, खुर्ची मोडेल. सगळे हसले. तीही हसली असेल. मी बघितलं नाही.

११ मे, रविवार, सकाळी नऊ
दोन हमाल आले. मी वरून ऑर्डरी सोडतेय. पहिल्या दहा पायऱ्या अगदी झटक्यात.

साडेनऊ
वळणावर जरा थांबलंय. हमाल म्हणतो, अडकलं. मी म्हटलं, दम खातंय, तुझ्यासारखंच.

साडेदहा
ना वर, ना खाली. वरती मी एकटी, खाली सगळं जग. शिंपिणीने टेप लावला. मशीन तीन बोटं जास्त भरलं. मी म्हटलं, तुझा टेप कापडाचा, लाकडाला चालत नाही. दोन्ही हमालांना निर्बुद्ध म्हटलं. ते पायरीवर बसून राहिले.

दुपारी एक
नात वेळेवर आली. फटीतून नुसते बूट दिसले. निळे. केवढे मोठे झालेत पाय. विचारलं, आजी, हे कुणासाठी? म्हटलं, तुझ्यासाठी. म्हणाली, मी आता असलं खेळत नाही गं. तू बोलावलंस म्हणून वाटलं, काहीतरी बोलशील.

बोलायचं ते घशापर्यंत आलं होतं. तोंडातून निघालं, आता तरी जरा बारीक झालीस का?

खाली पावलं वाजली, हमाल उठले असतील.

मग मी मशीनला कपाळ टेकलं, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हटलं, चुकलं माझं. चारचौघांत तुला नको ते बोलले. माझी जीभच वाईट. माफ कर.

खालून उत्तर आलं, असू द्या आजी, आम्हाला सवय आहे.

हमाल होता. नात केव्हाच गेली होती.

१२ मे
सुताराने मशीनचे दोन तुकडे केले तेव्हा जिना मोकळा झाला. लेकाचा फोन आला. मी म्हटलं, मी माफी मागितली. त्याने विचारलं, मग ती काय म्हणाली? मी फोन ठेवला.

बस तिच्या दारापर्यंत जाते. गुडघे दुखतात म्हणून आज गेले नाही, असं लिहिणार होते. गुडघे बरे आहेत.